तोच का दुसरा बे?

नागपूरच्या ग्राउंडवर पहिली टेस्ट कधी झाली? टपरीवर एकजण छातीठोकपणे 1969 म्हणतो, दुसरा 2008 म्हणतो, आणि मोबाइलमध्ये पाहूनही भांडण मिटत नाही, कारण दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या व्हीसीए (विदर्भ क्रिकेट असोसिएशन) मैदानावर ऑक्टोबर 1969 मध्ये न्यूझीलंडशी पहिली टेस्ट झाली. तिथली शेवटची टेस्ट मार्च 2006 मधली, इंग्लंडविरुद्धची. ॲलिस्टर कुकने पदार्पणातच शतक ठोकलं ती. मग वर्धा रोडवर जामठ्याला नवं स्टेडियम आलं आणि नोव्हेंबर 2008 मध्ये ऑस्ट्रेलियाशी तिथली पहिली टेस्ट झाली, गांगुलीची शेवटची. संघटना तीच, शहर तेच. माती, गवत आणि पत्ता मात्र वेगळा.

"अबे, व्हीसीएचंच ग्राउंड आहे ना दोन्ही? मग झालं तर, तेच आहे."

"तेच कसं? आधी पायी जात होतो मॅच पाहायले. आता गाडी कुठं लावावी याच्यासाठी भांडा लागते."

असल्या वादांना घरचे लोक रिकामटेकडेपणा म्हणतात. पण एखादी गोष्ट बदलत जाऊनही 'तीच' कधीपर्यंत राहते आणि 'दुसरी' कधी होते, यावर ग्रीसमध्ये आणि आपल्याकडे दोन हजार वर्षांहून जास्त काळ चांगली चांगली डोकी झिजली आहेत. पुस्तकात याला तादात्म्याचा प्रश्न म्हणतात. नाव जड असलं तरी प्रश्न टपरीवरचाच आहे. तो मैदानापासून निघतो, सिरियल, रणजी आणि पुनर्जन्माच्या सिनेमांतून फिरतो आणि शेवटी 'मी म्हणजे कोण' इथे येऊन अडतो. तिथे आल्यावर सगळेच जरा गंभीर होतात.

आधी सोपा भाग. 'तेच' दोन प्रकारचं असतं. दुकानात एकाच मॉडेलचे दोन मोबाइल शेजारी ठेवले, तर ते एकसारखे आहेत पण एक नाहीत. उलट तुमचा चोरीला गेलेला मोबाइल पोलिसांनी शोधून आणला, काच फुटलेली, कव्हर बदललेलं, तरी तो तुमचाच. तो आधीसारखा राहिला नाही, पण आहे तोच. टपरीवरचे निम्मे वाद यामुळे होतात की एकजण 'एकसारखं' या अर्थाने बोलत असतो आणि दुसरा 'एकच' या अर्थाने. "लग्नानंतर तो पहिल्यासारखा राहिला नाही" यावर "अबे, तोच तर आहे" असं उत्तर देणारा मित्र खोटं बोलत नसतो. तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो.

यावर एक जुना तोडगा आहे. अमेरिकन विचारवंत विल्यम जेम्सने 1907 च्या आपल्या पुस्तकात तो सांगितला. मित्रांबरोबर डोंगरात तंबू टाकून राहिला असताना तो फिरून परत आला, तर सगळे हातघाईवर आलेले. वाद असा: झाडाच्या खोडाला एका बाजूने खार चिकटलेली, दुसऱ्या बाजूला माणूस. माणूस तिला पाहायला गोल फिरतो, पण खारही तेवढ्याच वेगाने सरकते, त्यामुळे मध्ये कायम खोड. माणूस झाडाभोवती फिरला हे नक्की. पण तो खारीभोवती फिरला का? निम्मे हो म्हणत होते, निम्मे नाही. जेम्सने विचारलं, 'भोवती फिरणं' म्हणजे तुमचं म्हणणं काय? खारीच्या उत्तरेला, मग पूर्वेला, दक्षिणेला, पश्चिमेला असणं, तर फिरला. आधी तिच्या समोर, मग उजवीकडे, पाठीमागे, डावीकडे असणं, तर नाही, कारण तिचं पोट सतत त्याच्याकडेच होतं. कोणता अर्थ घेतला हे सांगितलं की भांडायला काही उरत नाही.

आमच्याकडे हाच तोडगा एका वाक्यात चालतो: "पण तू कशासाठी विचारून राहिला?" पिच कशी पडते हे विचारत असशील तर मैदानं दोन. विदर्भाच्या क्रिकेटचं घर कोणतं हे विचारत असशील तर ते घर बदलून जामठ्याला गेलं एवढंच. आकडेवारीवाले दोन धरतात, कारण त्यांना रन आणि विकेट मोजायच्या असतात. वाद संपला, चहा सांगा.

पण तोडगा हातात आल्यावर तो सगळीकडे चालवून पाहायची खुमखुमी येते, आणि खरी मजा तिथून सुरू होते.

फळ्या बदलल्या, जहाज तेच?

ग्रीक लेखक प्लुटार्कने सांगितलेली गोष्ट जगभर या वादाची आद्य कथा मानली जाते. थीसियस नावाच्या वीराचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं. फळी कुजली की नवी बसवायची. असं करत करत जुनी एकही फळी राहिली नाही असं धरू. जहाज तेच का? सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने यात मेख मारली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून त्याच क्रमाने पुन्हा जोडल्या तर? आता दोन जहाजं झाली. एकाकडे अखंड इतिहास आहे, दुसऱ्याकडे मूळ लाकूड. थीसियसचं कोणतं?

आमच्यातल्या सिरियलवाल्याला ही गोष्ट ऐकवली तेव्हा तो लगेच म्हणाला, "म्हणजे तारक मेहता." आणि ते इतकं चपखल आहे की मी तेव्हापासून तेच उदाहरण देतो. 2008 मध्ये सुरू झालेल्या 'तारक मेहता का उल्टा चश्मा'मध्ये टप्पू तिसरा आला, अंजली दुसरी आली, सोढी बदलला, आणि ज्याच्या नावाने मालिका आहे तो तारक मेहताच शैलेश लोढा सोडून गेल्यावर सचिन श्रॉफ झाला. तरी मालिका तीच, सोसायटी तीच. फळ्या एकेक करून बदलल्या की जहाज तरतं. पण 2017 मध्ये दिशा वाकाणी रजेवर गेली, आणि दयाची फळी निर्माते वर्षानुवर्षं बदलू शकले नाहीत. का? टप्पू हे पात्र आहे, त्यात मुलगा कोणताही बसतो. दया मात्र प्रेक्षकांच्या लेखी पात्र आणि नटी यांचं असं मिश्रण झालं होतं की दुसरी कोणी तो आवाज काढला तर ती नक्कल वाटणार. म्हणजे सगळ्या फळ्या सारख्या नसतात. काही बदलल्या तर चालतं, एखादी बदलली तर जहाजच गेलं असं वाटतं. कोणती फळी कोणत्या जातीची, हे लाकडावर लिहिलेलं नसतं. ते जहाजावर बसणारे ठरवतात.

रणजीचं तसंच. विदर्भ 2017-18 मध्ये पहिल्यांदा जिंकला, लगेच 2018-19 मध्ये परत, आणि मग 2024-25 मध्ये. पहिल्या वेळी कर्णधार फैज फजल, तिसऱ्या वेळी अक्षय वाडकर. पहिल्या दोन विजयांतला आपला आदित्य सरवटे तिसऱ्या वेळी फायनलला जामठ्यालाच होता, पण केरळच्या बाजूने. नागपूरकर त्या दिवशी कोणासाठी टाळ्या वाजवत होते? टोपीसाठी. माणसं टोपीतून येतात जातात, आणि 'आपण तिसऱ्यांदा जिंकलो' या वाक्यातला 'आपण' कुठल्याच खेळाडूच्या खांद्यावर उभा नसतो.

बोधिवृक्षाचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं, कारण तिथे फळ्याही नाहीत. बोधगयेचं जुनं झाड 1876 च्या वादळात पडलं. आज आहे ते ब्रिटिश पुरातत्त्ववेत्ता कनिंगहॅमने 1881 मध्ये जुन्याच्याच रोपापासून लावलेलं. श्रीलंकेत अनुराधापूरला असलेलं झाड त्याहून कितीतरी जुनं, सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने बोधगयेहून नेलेल्या फांदीचं, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातलं. आणि दीक्षाभूमीवरचं झाड या अनुराधापूरच्या झाडाच्या फांद्यांपासूनचं. मग बुद्ध ज्याखाली बसले ते झाड कोणतं? जागा हवी असेल तर बोधगया. वय हवं असेल तर श्रीलंका. वंश हवा असेल तर तिन्ही. खारीचा तोडगा इथे झकास चालतो, आणि दीक्षाभूमीवर झाडाला हात जोडणाऱ्याला तो लागतही नाही. त्याला वंश पुरेसा असतो.

आता स्वतःवर लावून पहा

इथवर सगळं सोपं होतं, कारण मैदान, मालिका आणि झाड यांना स्वतःचं काही म्हणणं नसतं. ते तेच आहेत का, हे आपण आपल्या सोयीने ठरवू शकतो. माणसाचं तसं जमत नाही. "उद्या सकाळी उठणारा माणूस मीच असेन का?" याचं उत्तर "तू कशासाठी विचारून राहिला" असं देऊन पहा. विचारणारा चिडेल, आणि त्याचं चिडणं रास्त आहे.

पहिला उमेदवार शरीर. "सात वर्षांत शरीराची प्रत्येक पेशी बदलते" हे वाक्य व्हॉट्सॲपवर फिरतं. आमच्यातला डॉक्टर ते ऐकून कपाळाला हात लावतो. आतड्याचं आतलं अस्तर काही दिवसांत बदलतं, लाल रक्तपेशी साधारण 120 दिवस जगतात, हाडांचा सांगाडा नवा व्हायला दहाएक वर्षं लागतात. पण मेंदूच्या बाह्यपटलातल्या चेतापेशी जवळपास तुमच्याच वयाच्या असतात. हे कसं कळलं ती गोष्ट भारी आहे. शीतयुद्धाच्या काळात अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेत कार्बन-14 वाढला आणि चाचण्या थांबल्यावर कमी होत गेला. पेशी जन्मते तेव्हा तिच्या डीएनएमध्ये त्या वेळच्या हवेतलं प्रमाण कायमचं नोंदलं जातं. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2005 मध्ये या नोंदीवरून पेशींची वयं काढली. डोळ्यातल्या भिंगाचा गाभा आणि दाताचं आवरणही जन्मभर तेच राहतं. थोडक्यात, तुम्ही पूर्ण थीसियसचं जहाज नाही. काही फळ्या पहिल्या दिवसापासूनच्या आहेत.

मग मेंदू म्हणजे मी? आपल्याकडे या प्रश्नाचा निकाल वेताळाने फार आधीच मागितला होता. वेताळ पंचविशीत एका बाईचा नवरा आणि भाऊ देवीपुढे स्वतःची डोकी उडवतात. देवी प्रसन्न होते, पण घाईत ती बाई डोकी चुकीच्या धडांना लावते. दोघं जिवंत उठतात. नवरा कोणता? विक्रम म्हणतो, ज्याला नवऱ्याचं डोकं तो नवरा, कारण शरीरात डोकं श्रेष्ठ.

आमच्यातल्या काटोलवाल्याची संत्र्याची बाग आहे. त्याला यात विचार करण्यासारखं काही दिसत नाही. "आम्ही हेच तर करून राहिलो ना पिढ्यान्‌पिढ्या. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधला का झालं. मुळ्या निंबाच्या, फळ संत्र्याचं. झाड कोणाचं? ज्याचं फळ त्याचं." वर तो म्हणतो ते ऐकण्यासारखं आहे: डोळा बांधला त्या जागेच्या, म्हणजे बांधाच्या, खालून फूट आली तर ती वेळच्या वेळी काढावी लागते, नाहीतर जंभेरी जोर करते आणि संत्रं मागे पडतं. खालचा भाग गप्प असतो याचा अर्थ तो नसतोच असं नाही. वेताळाच्या गोष्टीत विक्रमाने धडाला इतकं सहज बाद केलं, ते मला या फुटीमुळे जरा घाईचं वाटतं. भूक, राग, थकवा, छातीतली धडधड हे सगळं डोक्याने एकट्याने केलेलं नसतं.

दुसरा उमेदवार आठवण. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने 1694 मध्ये म्हटलं की माणूस तोच आहे हे शरीरावर नाही, जाणिवेवर ठरतं. राजपुत्राची जाणीव चांभाराच्या शरीरात गेली तर व्यक्ती म्हणून तो राजपुत्र. हे मत आपल्याला पटकन पटतं, कारण हिंदी सिनेमाने आपल्याला त्यावर वाढवलंय. 1980 च्या 'कर्ज'मध्ये खून होणारा राज किरण आणि पुनर्जन्म घेणारा ऋषी कपूर. चेहरा वेगळा, जन्म वेगळा, आई-बाप वेगळे. गिटारवर एक धून वाजते, आठवण येते, आणि प्रेक्षक निमूटपणे मान्य करतो की हा तोच. हा शुद्ध लॉक. 'ओम शांती ओम'ने मात्र 2007 मध्ये धोका पत्करला नाही. दोन्ही जन्मांत शाहरुखच. तिथे चेहरा पुरावा म्हणून जोडलाय. एका मित्राच्या मते म्हणूनच 'कर्ज' जास्त धाडसी सिनेमा आहे. मला गाण्यांसाठी दोन्ही चालतात, पण तर्काच्या बाबतीत त्याचं बरोबर आहे.

लॉकला खिंडीत गाठलं स्कॉटलंडच्या टॉमस रीडने, 1785 मध्ये. एक मुलगा बागेत चोरी करतो म्हणून मार खातो. तोच मोठा होऊन अधिकारी होतो आणि शत्रूचं निशाण जिंकून आणतो. म्हातारपणी तो सेनापती होतो. अधिकाऱ्याला तो मार आठवतो. सेनापतीला निशाण आठवतं, पण मार पार विसरलाय. आठवण हीच कसोटी धरली तर सेनापती म्हणजे तो अधिकारी, अधिकारी म्हणजे तो मुलगा, पण सेनापती म्हणजे तो मुलगा नाही. हे कसं चालेल? मग लॉकच्या पक्षाने डागडुजी केली: थेट आठवण नको, आठवणींची साखळी पुरे. कडी दुसऱ्या कडीत अडकलेली असली की झालं.

इथे आमचे वकीलसाहेब हमखास जागे होतात. "म्हणजे रात्री पिऊन गाडी ठोकली आणि सकाळी काही आठवत नाही, तर तो सुटला?" लॉकला हा प्रश्न त्याच्या हयातीतच विचारला गेला. त्याचं उत्तर असं की दारूड्याला खरंच आठवत नाही का, हे न्यायाधीशाला कळायचा मार्ग नाही, म्हणून शिक्षा होते. खरा हिशेब देवाच्या दरबारात. आपला कायदा एवढा वळसा घेत नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम 85 ने, आणि आता भारतीय न्याय संहितेनेही, सूट दिली आहे ती कोणी नकळत किंवा जबरदस्तीने पाजली असेल तर. स्वतःच्या हाताने प्यायलास तर पिणारा तू, ठोकणारा तू आणि सकाळी कोर्टात उभा राहणाराही तू.

मंगळावरचा मी

डेरेक पारफिट या इंग्रज तत्त्वज्ञाने 1984 मध्ये जो खेळ मांडला, त्यातून मी अजून पूर्ण बाहेर आलेलो नाही. 'स्टार ट्रेक'मध्ये 1966 पासून लोक यंत्रात उभे राहून दुसरीकडे प्रकट होत आलेत. पारफिटने तेच यंत्र घेतलं. बटण दाबलं की यंत्र तुमच्या प्रत्येक पेशीची नोंद करतं, इथलं शरीर नष्ट करतं आणि मंगळावर हुबेहूब माणूस तयार करतं. त्याला तुमचं बालपण आठवतं, सकाळी दाढी करताना कापलेलं वरच्या ओठावर तसंच असतं. तुम्ही प्रवास केला, का मेलात?

टपरीवर याचे दोन तट पडतात. मग पारफिट यंत्र सुधारतो: आता ते नोंद करतं, पण इथलं शरीर नष्ट करत नाही. मंगळावर तुम्ही आहात आणि पृथ्वीवरही तुम्ही उभे आहात. तेवढ्यात इथला डॉक्टर सांगतो की यंत्राने तुमच्या हृदयाला इजा केली आहे, तुम्ही काही दिवसांत जाल. पण काळजी कशाला, मंगळावर तुम्ही ठणठणीत आहात, तिकडून घराची काळजी घ्याल!

"हे ऐकून कोणाले बरं वाटणार आहे बे?"

कोणालाच नाही. म्हणजे पहिल्या यंत्रातही जो मंगळावर पोचला तो मी नव्हतो, फक्त इथे तक्रार करायला कोणी उरलं नव्हतं, असं म्हणावं लागतं. पारफिटचं म्हणणं मात्र याच्या उलट जातं. तो म्हणतो, 'तो मीच का' या प्रश्नाला प्रत्येक वेळी ठाम हो किंवा नाही असतंच असं नाही, आणि त्यावर एवढा जीवही टाकू नये. आठवणी, स्वभाव, हेतू, माया यांचा धागा किती घट्ट पुढे जातो हे महत्त्वाचं. तो कमी-जास्त असतो, असा किंवा तसा नसतो. आपल्या या पुस्तकाला त्याने बुद्धाच्या मतावर एक परिशिष्ट जोडलं.

ते उगाच नव्हतं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे पालीतला मिलिंद, याला भिक्षू नागसेनाने हेच समजावलेलं आहे. राजा रथातून आला होता. नागसेन विचारतो, रथ म्हणजे आस का? चाक? जू? नाही. सगळे मिळून ढीग? नाही. मग रथ कुठे आहे? राजा म्हणतो, या सगळ्याच्या आधाराने 'रथ' हे नाव चालतं. नागसेन म्हणतो, माझंही तसंच. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत तीच नाही, पण दुसरीही नाही.

त्यातली आंबेचोराची गोष्ट वकीलसाहेबांनी पाठ केली आहे. एकजण दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरतो आणि राजापुढे म्हणतो, याने लावलेले आंबे वेगळे होते, मी नेलेले वेगळे; माझा गुन्हा काय? नागसेन विचारतो, शिक्षा होईल का? राजा म्हणतो होईल, कारण नंतरचे आंबे आधीच्यामुळेच आले. तोच धागा पकडून नागसेन म्हणतो की कर्माचं फळही असंच पुढच्याला मिळतं. तोच आत्मा लागत नाही, कारण-परिणामाची अखंड ओळ पुरते.

नैयायिकांना, म्हणजे आत्मा मानणाऱ्या न्यायदर्शनाच्या पंडितांना, हे कधीच मान्य झालं नाही. न्यायसूत्रांतला त्यांचा युक्तिवाद साधा आणि तगडा आहे: जे मी डोळ्यांनी पाहिलं तेच आता हाताने धरलंय, हे मला कळतं. पाहणारा एक आणि धरणारा दुसरा असता तर कसं कळलं असतं? एकाने पाहिलेलं दुसऱ्याला आठवत नाही. म्हणून मध्ये टिकून राहणारा कोणीतरी हवा. हा वाद आपल्याकडे काही शतकं चालला.

मी बराचसा नागसेनाच्या बाजूचा आहे, आणि त्याला नागपूर कारण आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला डॉ. आंबेडकरांनी इथे लाखो लोकांना दिलेल्या 22 प्रतिज्ञांत एक अशी आहे की आज माझा नवा जन्म होत आहे असे मी मानतो. त्या संध्याकाळी घरी परतलेल्या माणसाचं गाव, घर, हाताच्या रेषा सगळं सकाळचंच होतं. तरी त्याने पुढची ओळ जाणूनबुजून वेगळी लावली होती: काय मानायचं नाही, कोणापुढे वाकायचं नाही, घरात कोणते विधी करायचे नाहीत. नावाखाली दडलेलं न बदलणारं काही असतं आणि तीच खरी ओळख असती, तर जातीने लादलेली ओळख कोणाला कधीच उतरवता आली नसती. 'मी' हा रथासारखा जुळवलेला आहे, म्हणून तो नव्याने जुळवता येतो. हे मला पारफिटपेक्षा इथे लवकर कळतं.

पण एक काटा राहतो. इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्सने 1970 मध्ये तो टोचून ठेवलाय. समजा कोणी सांगितलं, उद्या तुझा छळ होणार आहे. तुम्ही घाबरता. मग तो म्हणतो, काळजी करू नको, त्याआधी तुझ्या सगळ्या आठवणी पुसून टाकू. भीती कमी झाली का? वर दुसऱ्याच्या आठवणी भरू. आता? मला तर भीती वाढल्यासारखी वाटते: छळ तर आहेच, वर डोकंही गेलं. धागा तुटूनही उद्या दुखणार ते मलाच, ही खात्री जात नाही. ही भीती शरीरातून येते, बांधाच्या खालून येणाऱ्या फुटीसारखी. नागसेनाच्या दिव्याने ती विझत नाही.

आणि हे सगळं यंत्रांपुरतं आणि राजांपुरतं नाही. 9 मार्च 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिला की धडधाकट असताना माणूस लिहून ठेवू शकतो: मी बरा होण्याच्या पलीकडे गेलो तर मला यंत्रांवर जगवू नका. जानेवारी 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदार, आणि दंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही. हा कागद असाध्य अवस्थेपुरता आहे आणि तिथे फारसा वाद होत नाही. वाद त्याच्या काठावर आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला मुलांची नावं आठवत नाहीत, पण तो दुपारी अंगणात बसून मजेत संत्रं सोलून खातो. दहा वर्षांपूर्वीच्या प्राध्यापकाने लिहून ठेवलं होतं, "माझी अशी अवस्था झाली तर मला न्यूमोनियाचं औषधही देऊ नका." आता न्यूमोनिया झालाय. कोणाचं ऐकायचं?

रोनाल्ड ड्वॉर्किन या अमेरिकन कायदेपंडिताने 1993 मध्ये आधी लिहून ठेवलेल्याच्या बाजूने कौल दिला: संपूर्ण आयुष्याला आकार ज्याने दिला, शेवटावरही अधिकार त्याचा. वकीलसाहेबही तिकडेच. "सही करणारा तोच आहे. नसता, तर त्याची पेन्शन याला कशी मिळून राहिली असती?" डॉक्टर मान हलवत नाही. त्याचं म्हणणं, पेन्शन नावाला मिळते आणि इंजेक्शन माणसाला द्यायचं असतं. मी डॉक्टरकडे झुकतो, आणि विल्यम्समुळे झुकतो. प्राध्यापकाची ओळ तुटली असेल, पण श्वास कोंडेल तो या माणसाचा, आणि खाटेवरून आपला हात घट्ट धरेल तोही हाच. वकीलसाहेबांना हे मान्य नाही. त्यांच्या मते मी दोन माणसं मोजतोय आणि आधार कार्ड एकच आहे.